मॅसी ३५ चे इंजिन बांधताना ओव्हरसाईज पिस्टन टाकावेत की लायनरच बदलावेत?

कृष्णाकाठ, पलूस (जि. सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी आजोबांच्या वेळचा मॅसी फर्ग्युसन ३५ आहे. इंजिन पर्किन्सचे, तीन सिलिंडरचे ३.१५२, म्हणजे ३.६ इंच बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ५ इंच स्ट्रोकचे (पिस्टनच्या चालीचे) आहे. ऊस वाहतुकीतून त्याला केव्हाच मोकळे केले असून आता हळदीच्या रानातली फणपाळी आणि शेणखताची एखादी ट्रॉली एवढेच काम त्याच्याकडे असते. तरीही तो विकायचा नाही आणि नुसता दारात उभाही ठेवायचा नाही, असे घरात सर्वांचे ठरले आहे.

थंडीत सकाळी तो सुरू व्हायला फार वेळ घेऊ लागला, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येऊ लागला आणि ऑइलची पातळी भराभर खाली जाऊ लागली. आधी नोझल तपासून घेतले, व्हॉल्व्ह बसवून घेतले, पण फरक पडला नाही, म्हणून इंजिन उघडले. तिन्ही लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्यांमध्ये, वरची रिंग जिथपर्यंत येते तिथे नखाला अडेल अशी धार तयार झालेली आहे, आणि दोन नंबरच्या लायनरला एका बाजूने उभे ओरखडे पडलेले आहेत.

आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे, की तीस थाऊचे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर मारून, म्हणजे लायनर आतून तेवढा कापून, ओव्हरसाईज म्हणजे मूळ मापाहून मोठे पिस्टन टाकावेत. सांगलीतल्या एका दुकानदाराकडे वीस थाऊचा जुना संच शिल्लक आहे आणि तो स्वस्तात द्यायला तयार आहे. चुलतभावाचे मत आणखी निराळे आहे: एक आणि तीन नंबर चांगले दिसतात, तेव्हा फक्त दोन नंबरला मोठा पिस्टन टाकून बाकीच्यांना नव्या रिंगा घालाव्यात. यांपैकी कोणाचे ऐकावे, बोअरचे माप नेमके कशावरून ठरवावे, आणि बोअर मोठे झाल्याने ट्रॅक्टरची ताकद वाढते असे म्हणतात त्यात काही तथ्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी यंत्रे, सातारा

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. तीस थाऊने बोअर वाढवले तर सिलिंडरचे क्षेत्रफळ दीड-पावणेदोन टक्क्यांनी वाढते, म्हणजे १५२.७ घनइंचांचे इंजिन १५५ च्या जरा पुढे जाते. डिझेल इंजिनाची ताकद पंप किती तेल देतो यावरही अवलंबून असते आणि पंपाची सेटिंग आपण बदलत नाही, त्यामुळे हा फरक जाणवण्याजोगा नाही. इंजिन बांधल्यावर ट्रॅक्टर जोरात ओढतो याचे कारण गेलेले कॉम्प्रेशन परत आलेले असते. श्रेय मात्र मोठ्या पिस्टनला दिले जाते.

चुलतबंधूंचा सल्ला मानू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. वेगळ्या मापाचा पिस्टन वेगळ्या वजनाचा असू शकतो, आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात एक पिस्टन जड झाला तर ते थरथरते. त्याहून मोठी अडचण नव्या रिंगांची आहे. वरच्या बाजूला धार असलेल्या जुन्या लायनरमध्ये नवी रिंग घातली, की तिची न झिजलेली कड प्रत्येक फेरीत त्या धारेवर आपटते आणि काही दिवसांत रिंग तुटते किंवा पिस्टनची खाच फुटते.

मिस्त्री आणि दुकानदार यांच्यात निवड करण्याआधी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की ओव्हरसाईजचा प्रश्न प्रत्येक इंजिनात सारखा नसतो. हवेने थंड होणाऱ्या जुन्या आयशरचे बॅरल जाड बिडाचे असते, त्याला बोअर मारून मोठा पिस्टन घालणे हा सरळ मार्ग आहे. झेटरच्या धाटणीच्या इंजिनात लायनरला बाहेरून पाणी लागते, तो खेचून नवा लायनर आणि पिस्टन जोडीनेच बदलतात. आपल्या पर्किन्समध्ये कोरडा लायनर आहे, म्हणजे ब्लॉकच्या भोकात दाबून बसवलेली पातळ बिडाची नळी. तिला बोअर मारता येते, पण दर वेळी ती अधिक पातळ होते. त्यामुळे आतापर्यंत तिला किती वेळा मारलेले आहे, हा पहिला प्रश्न ठरतो.

बोअरवाला, कुपवाड

सातारकरांनी बरोबर जागी बोट ठेवले आहे. मी बोअरिंग आणि होनिंगचेच (दगडाने भिंत घासून अचूक माप आणण्याचे) काम करतो, त्यामुळे मापाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन लाकडाच्या पट्टीने आणि डिझेलने काढून टाका. पॉलिश पेपर किंवा तासणी लावू नका, नाहीतर खूणही जाईल. डोक्यावर बारीक आकडे ठोकलेले असतात. काहीच आकडा नसेल किंवा स्टँडर्डची खूण असेल, तर लायनर मूळ मापाचे आहेत असे समजायला हरकत नाही. वीस, तीस असा आकडा असेल, तर तेवढे बोअर आधीच मारलेले आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या तीन-चार मालकांत आणि पाच-सहा मिस्त्रींत ही माहिती कधीच लिहून ठेवलेली नसते, पिस्टन मात्र ती जपून ठेवतो.

त्यानंतर प्रत्येक लायनर बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजावा, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी: एकदा क्रँकच्या रेषेत, एकदा तिला आडवे. लायनरच्या अगदी तळाशी, जिथे रिंग पोहोचतच नाही, तिथले माप हे न झिजलेले माप. वरचे माप त्यापेक्षा जितके जास्त तितकी झीज. आडव्या दिशेला झीज नेहमी जास्त निघते, कारण स्फोटाच्या वेळी कनेक्टिंग रॉड तिरका असतो आणि पिस्टन एका भिंतीवर रेलतो.

झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा का चालत नाहीत, हे एका हिशेबाने कळेल. व्यास नऊ थाऊने वाढला, की रिंगेचा गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, त्याच्या सव्वातीन पटींहून थोडा कमी, म्हणजे सुमारे अठ्ठावीस थाऊने उघडतो. तळाशी हाच गॅप बंद होत येतो. म्हणजे रिंग मिनिटाला हजारो वेळा उघडझाप करते, खाचेत घासत राहते आणि वरच्या टोकाला, जिथे दाब सर्वांत जास्त, तिथेच सर्वांत जास्त गळते.

आता किती थाऊ मारायचे ते. येथे बरेच जण फसतात. तीस थाऊ ओव्हरसाईज म्हणजे व्यासात तीस, एका भिंतीवर फक्त पंधरा. शिवाय बोअरिंगचा बार आम्ही तळाच्या न झिजलेल्या भागावरून मध्यात घेतो, झिजलेल्या भागावरून नाही. झिजलेल्या भागावरून घेतला तर सिलिंडरचा मध्य सरकतो आणि पिस्टन कायमचा एका बाजूला ओढला जातो. म्हणून झीज सगळी एकाच भिंतीवर असेल, तर ती साफ व्हायला तिच्या दुप्पट व्यास वाढवावा लागतो. ओरखड्याची खोली त्यात मिळवायची ती वेगळीच.

आणि कृपा करून पिस्टन आधी आणा, बोअर नंतर मारा. डब्यावर तीस लिहिलेले तीन पिस्टन मोजले तर तिघांत अर्ध्या-एक थाऊचा फरक निघू शकतो. पिस्टन मोजायचा तो स्कर्टच्या (रिंगांखालच्या भिंतीच्या) खालच्या भागात, गजन पिनला (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनला) आडवा. डोक्याजवळ मोजू नये, कारण तिथे गरम होऊन फुगण्यासाठी तो मुद्दामच लहान ठेवलेला असतो. त्या मापात क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंत यांतली मोकळीक) मिळवून प्रत्येक सिलिंडर आपापल्या पिस्टनसाठी मारायचा आणि पिस्टनवर एक, दोन, तीन अशा खुणा करायच्या. ॲल्युमिनियमच्या पिस्टनला व्यासाच्या दर इंचाला एक ते दीड थाऊ हा जुना अंदाज आहे, म्हणजे आपल्या ३.६ इंचांना साधारण चार ते साडेपाच थाऊ; पण पिस्टन बनवणाऱ्याने डब्यात वेगळा आकडा दिला असेल तर तोच अंतिम मानावा. बोअरिंगच्या हत्याराने शेवटच्या मापापर्यंत जायचे नसते, दोन-तीन थाऊ होनिंगसाठी शिल्लक ठेवायचे असतात.

कृपया डोक्यावरचा आकडा आणि मापे येथे लिहा, मग बोलू.

कृष्णाकाठ, पलूस

दोघांचेही आभार. पिस्टन स्वच्छ केले, तर तिघांच्याही डोक्यावर २० हा आकडा निघाला. मिस्त्रींनाही हे ठाऊक नव्हते. वडिलांना विचारले, तेव्हा हे इंजिन माझ्या जन्माआधी एकदा कराडला बांधल्याचे ते म्हणाले.

मापे एका ओळखीच्या टर्नरकडून घेतली. तळाच्या मापापेक्षा वरचे माप आडव्या दिशेला एक नंबरमध्ये सात, दोन नंबरमध्ये नऊ आणि तीन नंबरमध्ये सहा थाऊने जास्त आहे. क्रँकच्या रेषेत ते चार-पाच थाऊनेच वाढलेले आहे. दोन नंबरमधले ओरखडे त्याच्या अंदाजाने तीन थाऊ खोल असावेत आणि ते झीज झालेल्या भिंतीवरच आहेत. आता तीसचे पिस्टन घेऊन काम भागेल का?

बोअरवाला, कुपवाड

भागणार नाही, आणि का ते पाहा. तुमचा लायनर आज वीसवर आहे. तीस केले तर व्यासात दहाच थाऊ निघतात, म्हणजे एका भिंतीवर पाच. दोन नंबरची नऊ थाऊची झीज दोन्ही भिंतींवर समसमान वाटली आहे असे धरले, तरी एका बाजूला साडेचार होतात. त्यात तीन थाऊचा ओरखडा मिळवला की साडेसात. पाच थाऊ कापून साडेसातचा खड्डा जात नाही. चाळीस केले तर भिंतीवर दहा मिळतात आणि समसमान झिजेच्या हिशेबाने ओरखडा निघतो. पण झीज बहुतेक एकाच बाजूला असेल, आणि तशी ती बहुधा असतेच, तर नऊ आणि तीन मिळून बारा होतात आणि चाळीसही अपुरे पडते. शिवाय मूळ मापापासून पाहिले तर त्या पातळ नळीच्या प्रत्येक भिंतीतून वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर, बीड गेलेले असेल. मी ते काम हातात घेणार नाही.

दुकानदाराच्या वीसच्या संचाचा तर प्रश्नच मिटला. आज आत आहेत तेही वीसचेच आहेत. नवे वीसचे पिस्टन झिजलेल्या बोअरमध्ये जाऊन खडखड वाजतील.

तेव्हा तिन्ही लायनर काढा, नवे लायनर दाबा आणि स्टँडर्ड पिस्टनवर परत या. मिस्त्रींचा सल्ला लायनर मूळ मापाचे असते तर चुकीचा नव्हता, हेही सांगायला हवे. तेव्हा एका भिंतीवर पंधरा थाऊ मिळाले असते आणि बारा त्यात आरामात बसले असते.

निवृत्त फिटर, कराड

कुपवाडच्या बंधूंचा हिशेब चोख आहे. मी एवढेच म्हणेन, की लायनर बदलायचे ठरले म्हणजे काम सोपे झाले असे कोणी समजू नये. ओव्हरसाईजमध्ये जी काळजी बोअर मारताना घ्यावी लागते, तीच येथे लायनर बसवताना घ्यावी लागते.

जुने लायनर निघाल्यावर ब्लॉकचे मोकळे भोक नीट पाहावे. त्यात गंज, काळे डाग किंवा जुन्या लायनरने ओढलेल्या रेषा असतात. नवा लायनर त्या भिंतीला सगळीकडून चिकटून बसला, तरच त्याची उष्णता ब्लॉकमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. मागे गंजाची खपली राहिली, तर तेवढा तुकडा तापतो, तिथे बोअर आत फुगते आणि नवाकोरा पिस्टन तिथेच धरतो. भोक मोजूनही घ्यावे. ते मोठे किंवा लंबगोल झाले असेल, तर बाहेरून जास्त मापाचे लायनर मिळतात, ते घ्यावेत. सैल लायनरच्या मागे कोणतेही चिकट रसायन भरू नये.

लायनर प्रेसखाली सरळ दाबावा. वर लाकूड ठेवून घणाने ठोकण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. त्यात लायनर तिरका शिरतो किंवा त्याच्या वरच्या कॉलरला न दिसणारी चीर जाते. कॉलर ज्या खाचेत बसते ती आधी स्वच्छ करावी. दाबल्यानंतर आतले माप पुन्हा घ्यावे, कारण घट्ट बसलेला लायनर आतून किंचित आवळतो. अर्धवट तयार लायनर असेल तर तो बसवल्यावर बोअर आणि होन करावाच लागतो. पूर्ण तयार लायनरला ती गरज नसते, पण मोजण्यातून सूट नसते. पिस्टन कोणत्याही मापाचे टाका, ते वरच्या टोकाला आल्यावर ब्लॉकच्या सपाटीपासून किती वर किंवा खाली येतात, ते डायलने पाहावे. या जुन्या पर्किन्ससाठी काही पिस्टन डोक्यावर जादा धातू ठेवून येत आणि ते लेथवर उतरवून घ्यावे लागत. न पाहता बसवला तर हेडला लागतो.

होनिंगनंतरची धुलाई हा माझा आवडता विषय आहे, आणि त्यावरच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. होनच्या दगडाची पूड बिडाच्या बारीक रेषांत अडकते. डिझेलने किंवा रॉकेलने धुतले की ऑइल निघून जाते, पूड मात्र तिथेच राहते. गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण आणि कडक ब्रश घेऊन घासावे, कोरडे करावे आणि लगेच ऑइल लावावे, नाहीतर बघता बघता तांबूस गंज धरतो. मग पांढरे सुती फडके ऑइलमध्ये बुडवून बोअरमध्ये फिरवावे. फडके राखाडी निघाले तर पुन्हा साबण. फडके पांढरे निघेपर्यंत हे थांबवू नये, मग वर्कशॉपवाला कितीही घाई करो. एका ठिकाणी नव्या रिंगा पहिल्याच हंगामात संपलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि तिथे पूड पुसूनही घेतलेली नव्हती.

रिंगांचा गॅप प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये घालून पाहावा. पिस्टन उलटा धरून त्याच्या डोक्याने रिंग आत ढकलली की ती सरळ बसते, मग फिलर गेज लावावा. दर इंच बोअरला तीन ते चार थाऊ, म्हणजे येथे अकरा ते चौदा थाऊच्या आसपास, हे डिझेलसाठी ठीक आहे. रिंगेच्या पाकिटावर आकडा असेल तर तो पाळावा. गॅप कमी असेल तर बारीक कानसीने एकाच टोकाला घासावे. तो थोडा जास्त असलेला परवडतो, पण कमी असेल तर गरम झाल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग भिंत ओरबाडते.

आता ज्याबद्दल कोणीच विचारले नाही ते विचारतो. दोन नंबरचा जुना पिस्टन हातात घेऊन स्कर्टवरची चमक पाहा. ती दोन्ही बाजूंना मधोमध आणि सरळ असेल तर ठीक. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली अशी तिरकी चमक असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे, आणि तो तसाच बसवला तर नव्या लायनरलाही तेच ओरखडे पडतील. रॉड जिगवर तपासून घ्यावा, त्याचा वरचा बुशही पाहावा.

तसेच झीज एवढी का झाली, याचेही उत्तर शोधावे. लायनरचा वरचा भाग आणि वरची रिंगच जास्त खाल्ली गेली असेल, तर धूळ हवेच्या वाटेने आलेली आहे. एअर क्लिनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपा तपासाव्यात. पाइप वरून चांगला दिसतो आणि खालच्या बाजूला भेगाळलेला असतो. क्लिनरच्या भांड्यातले ऑइल चिखल होईपर्यंत तसेच ठेवलेले मी अनेक रानांत पाहिले आहे. याउलट खालच्या ऑइल रिंगा आणि बेअरिंगा जास्त गेल्या असतील, तर घाण ऑइलमध्ये होती, आणि मग क्रँकही मोजल्याशिवाय इंजिन बांधू नये.

कृष्णाकाठ, पलूस

काका, दोन नंबरची चमक तिरकीच आहे, आणि एक व तीन नंबरची सरळ. रबरी पाइप काढून वाकवला तर खालून बोटभर लांबीची भेग उघडली. तो बदलतो आहे, रॉड तपासायला कुपवाडला आणतो, आणि तिन्ही लायनर व स्टँडर्ड पिस्टनचा संच मागवतो. इंजिन बांधून झाल्यावर लगेच कामाला लावावे, की काही दिवस नुसते चालू ठेवावे?

जुनी यंत्रे, सातारा

नुसते चालू ठेवू नये. नवे इंजिन तासन्‌तास मोकळे फिरवले, की रिंगांना भिंतीवर दाबणारा दाबच मिळत नाही; बोअरवर काचेसारखा थर चढतो आणि रिंगा कधीच बसत नाहीत, मग ऑइल पिणे पुन्हा सुरू होते. सुरू करून पाणी गरम होऊ द्यावे, गळती आणि ऑइलचा दाब पाहावा, आणि मग हलके पण खरे काम द्यावे. आपली फणपाळी त्यासाठी योग्य आहे: थोडा वेळ जोर, मग बांधावर वळताना उसंत, असा चढउतार रिंगांना हवाच असतो. रोटाव्हेटर किंवा भरलेली ट्रॉली पहिल्या तीस-चाळीस तासांत लावू नये. गरम होऊन थंड झाल्यावर हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळावेत आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पाहावेत. पहिले ऑइल आणि फिल्टर पंचवीस ते पन्नास तासांच्या दरम्यान बदलावे, त्यात धातूची बारीक पूड असतेच. घर्षण कमी करणारी कोणतीही बाटली या काळात ऑइलमध्ये ओतू नये.

बोअरवाला, कुपवाड

रॉड आणताना तिन्ही आणा आणि त्यांच्या कॅपा त्यांनाच बोल्टने लावून आणा, सुट्या पिशवीत नकोत. कॅप अदलाबदल झाली तर खालचे भोक गोल राहत नाही. गजन पिनही सोबत द्या. स्टँडर्ड पिस्टनचा संच आला की नवी पिन आणि बुश यांची जुळणी त्याच वेळी करून देतो.